गाळून घेतलेलं वरण

माझा नवरा आवडीनं जेवणारा माणूस. बँकेच्या नोकरीनं आम्हाला चार राज्यांतून फिरवलं आणि प्रत्येक गावात त्यानं आधी खाण्याच्या जागा शोधल्या, मग घर. कोलकात्याला बदली झाली तेव्हा माझ्या माहेरी सगळ्यांना काळजी, की तिकडे सगळं मासळीचं, तुमचं कसं व्हायचं. पंधरा दिवसांत हा एस्प्लनेडला ऑफिसमागच्या गल्लीत दुपारी उभ्या उभ्या घुगनी, म्हणजे वाटाण्याची उसळ, खायला लागला आणि घरी येऊन आम्हाला तिचं वर्णन करायला लागला. तरी रात्री त्याला वरण-भात हवाच असायचा. आंबेमोहोर इथं मिळत नाही, म्हणून मी गोबिंदभोग तांदूळ आणायचे. त्याचा वास जवळपास तसाच. वर घरचं तूप आणि लिंबाची फोड.

रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, हा सासूबाईंचा नियम. "एकानं जेवायचं आणि दुसऱ्यानं बघत बसायचं, असं आपल्यात नाही," त्या म्हणायच्या. त्या गेल्या तरी नियम राहिला. नवरा मेट्रोनं साडेआठपर्यंत घरी यायचा. मी आणि मुलगी पोटात कावळे ओरडत असले तरी थांबायचो. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिचं बहुतेक शिक्षण महाराष्ट्राबाहेरच झालेलं, त्यामुळे मराठी जरा अडखळत, हिंदी मिसळून. पण "पानं घेतली" हे शब्द तिला नीट कळायचे.

जिभेच्या उजव्या कडेला त्याला एक फोड आला. दाढेचं टोक लागतंय, असं आम्ही धरून चाललो. या माणसानं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही, त्यामुळे दुसरं काही मनात येण्याचं कारणच नव्हतं. दंतवैद्यानं दाढ घासून दिली. फोड तिथंच राहिला. दोन महिन्यांनी तुकडा तपासायला पाठवला, आणि मग एका डॉक्टरांनी कागदावर जिभेचं चित्र काढून तिचा अर्ध्याहून जास्त भाग पेन्सिलीनं रेघा मारून भरला. "एवढी काढावी लागेल."

नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला. "नंतर जेवता येईल ना?"

"आधी गाठ काढू," डॉक्टर म्हणाले.

ते उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं.

त्याला सकाळी आत नेलं आणि बाहेर आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मनगटावरची कातडी काढून जीभ पुरी केली होती. गळ्याला भोक, नाकात नळी. डोळे उघडल्यावर त्यानं मला ओळखलं आणि हातानं विचारलं, मुलगी कुठाय. ती दाराबाहेर उभी होती. आत यायला तयार नव्हती.

दहाव्या दिवशी नर्सनं नळीतून अन्न घालायला शिकवलं. शिकणाऱ्या आम्ही दोघी होतो. दुसरी बाई कोलकात्याजवळच्या बजबज गावची. तिचा नवरा ताग गिरणीत कामाला, त्याचंही तेच ऑपरेशन, शेजारच्याच खाटेवर. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल, हाडकुळी, बोलायला मोकळी. तिची हिंदी आणि माझी बांगला सारखीच तोडकी, त्यामुळे जमून गेलं. बिनसुईची जाड सिरिंज, तिचा दांडा काढून टाकायचा, नळीला जोडून उंच धरायची आणि वरून पातळ पदार्थ ओतायचा. तो आपोआप खाली उतरतो. ढकलायचं नाही. माझ्याकडून सिरिंज कलंडली आणि दूध त्याच्या उशीवर सांडलं. तिनं पटकन पुढं होऊन माझं कोपर खालून धरलं.

"तुम्ही घरी काय देणार?" तिनं विचारलं.

"पावडरीचं दूध. कागदावर लिहून दिलंय ते."

"भात देबेन ना?"

भात देणार नाही का. तिच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. नर्स म्हणाली, वरण-भात मिक्सरमधून काढून, गाळून दिला तरी चालेल, फक्त कण राहता कामा नये. तेव्हा त्या बाईनं माशाच्या कालवणाचं विचारून घेतलं. तेही गाळून चालेल, म्हणाली.

घरी आणल्यावर मी तेच करायला लागले. मऊ भात, वरण, थोडं तूप, मिक्सर, मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. दिवसातून सहा वेळा. पांढुरकं, पिवळट पाणी. त्याला त्याची चव लागणार नव्हती आणि तो काही विचारतही नव्हता. बोलणं कळण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून मुलीनं त्याला लहान मुलांची पुसायची पाटी आणून दिली होती. पहिले काही दिवस तिच्यावर तो फक्त "पाणी", "दुखतंय", "टीव्ही बंद" एवढंच लिहायचा.

फोडणी मी बंद केली. ज्याला खाता येत नाही त्याच्या नाकाशी हिंग-मोहरीचा वास न्यायचा, हे मला क्रूर वाटलं. कांदा नाही, कढीपत्ता नाही, पापड भाजणं नाही. मी आणि मुलगी स्वयंपाकघराचं दार लोटून ओट्यापाशी उभं राहून ब्रेड खायचो, नाहीतर दही-भात. चमचा ताटलीला लागू नये म्हणून जपायचो. नंतर मुलगी बाहेरून रोल आणायला लागली आणि तो जिन्यात बसून संपवूनच वर यायची. तिच्या हातांना कांद्याचा वास यायचा, तो जाईपर्यंत ती बाबाच्या खोलीत जायची नाही. सासूबाईंच्या नियमाचं मी असं करून टाकलं होतं. तो उपाशी नव्हता, पण जेवतही नव्हता. मग त्याच्यासमोर आम्ही कशा जेवणार? ज्या घरात रोज साडेआठला पानं मांडली गेली तिथं आता कसलाच वास उरला नव्हता, फक्त डेटॉलचा.

मग रेडिएशन सुरू झालं. दररोज टॅक्सीनं जायचं, रविवार सोडून. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गिळता येईना, हातात कायम वाटी. अंगावरचा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. एके दिवशी दुपारी मी सिरिंज जोडली आणि त्यानं दोन बोटांत नळी चिमटून धरली. मी म्हटलं, सोड. त्यानं सोडली नाही. दुसऱ्या हातानं पाटीवर लिहिलं, "पुरे."

मी ओरडले. इतकी वर्षं संसार केला, पण असं कधी बोलले नव्हते. "पुरे म्हणजे काय? मी काय करू तेवढं सांग. मी दिवसभर हे गाळत बसते ते कुणासाठी?" मुलगी कॉलेजातून आली होती, ती दारात बूट न काढता उभी राहिली. त्यानं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि एका हिसक्यात नळी नाकातून ओढून काढली.

फार रक्त आलं नाही. पण त्याच्या मुठीत ती लांब, ओली नळी आणि त्याचा चेहरा अगदी शांत. मी जमिनीवर बसले. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात असं आलं होतं की याला जाऊ द्यावं. आईला, बहिणीला, कुणालाही मी हे आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिएशनच्या आधी पुन्हा नळी घालून घेतली. नंतर आम्ही बाहेरच्या लांबट हॉलमध्ये नंबराची वाट बघत बसलो. समोरच्या बाकावर बजबजचं जोडपं. तिनं मला पाहून हात केला. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, त्यात मुडी, म्हणजे आपले चुरमुरे. आणि ती नवऱ्याच्या शेजारी बसून ते खाणार होती, हे लक्षात येऊन मला तिचा राग आला. त्याच्याही नाकात नळी, त्याचाही गळा काळा पडलेला. एवढंही कळू नये का बाईला, असं वाटलं.

पण त्यानंच तिच्या हातून डबा घेतला. खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात चिरलेला कांदा आणि एक हिरवी मिरची. मिरचीचे त्यानं नखानं तुकडे केले, बाटलीतून मोहरीच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि हात घालून सगळं नीट कालवलं. मूठ नाकाशी नेऊन वास घेतला. मान हलवली, आणखी एक मिरचीचा तुकडा टाकला, आणि डबा तिच्या हातात दिला. ती खायला लागली. तो बघत होता. मध्येच तिनं ठसका लागल्यासारखं केलं आणि त्याला कोपर मारलं. मिरची जास्त झाली होती. तो हसला, म्हणजे चेहऱ्याची जी एक बाजू हलायची ती हलली.

माझा नवरा हे सगळं टक लावून पाहत होता. टॅक्सीत बसल्यावर त्यानं पाटी मागितली.

"तुम्ही कधी जेवता?"

"दुपारी," मी म्हटलं. "तू झोपलास की."

"कुठे?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. त्यानं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आज माझ्यासमोर. फोडणी घालून."

त्या संध्याकाळी मी आमटी केली. दोन महिन्यांनी तेलात मोहरी तडतडली आणि मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली. टेबलावर तिघांची पानं घेतली. त्याच्या जागी ताट नव्हतं, सिरिंज आणि वाटी होती. मी आधी त्याची नळी जोडली, मग आम्ही दोघी बसलो.

ते जेवण चांगलं झालं असं मला लिहायचं होतं, पण तसं झालं नाही. मुलीला पहिलाच घास उतरेना. ती भात चिवडत राहिली आणि ताटात डोळ्यांतलं पाणी पडायला लागलं. तो आमच्या हाताकडे बघत होता, हात वर जाईपर्यंत, आणि मग नजर काढून घेत होता. अर्ध्यातून उठला. आत जाऊन दार लावलं. मी ताटातला भात संपवला, कारण तो संपवायला हवा होता. चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो स्वतःच टेबलापाशी येऊन बसला. तिसऱ्या दिवशीही आला. त्या आठवड्यात कधीतरी त्यानं पाटीवर लिहिलं, "हिंग जळला." खरंच जळला होता. मग तो वासावरून सांगायला लागला. गूळ आधी, आमसूल मागून. मुलीला त्याचं अक्षर वाचता येत होतं, पण शब्द अडायचे. "बाबा, दाटसर म्हणजे किती?" ती विचारायची आणि तो हातानं दाखवायचा, पळीवरून धार कशी पडली पाहिजे ते. आजीची आमटी अशी ती त्याच्याकडून शिकली. मी आजारपणाआधी शिकवायला गेले असते तर तिनं फोनमधून मानही वर केली नसती.

आता सुधारणा होईल असं वाटायला लागलं होतं. रेडिएशन संपून महिना झाल्यावर गिळण्याची चाचणी घेतली. घट्ट केलेलं पाणी, एक चमचा. त्यानं डोळे मिटून गिळलं आणि लगेच खोकला सुरू झाला. थांबेचना. पाणी श्वासनलिकेत गेलं होतं. दोन दिवसांत ताप चढला, छातीत न्यूमोनिया. पुन्हा दवाखाना, पुन्हा ऑक्सिजन. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नाकातली नळी अशी किती महिने ठेवणार, आता पोटातूनच नळी घालू. कायमची का, विचारलं तर म्हणाले, तसं धरून चाला.

मी घरी आले आणि फ्रिजमधलं सगळं बाहेर काढून टाकलं. डाळ, भात, त्याच्यासाठी गाळून ठेवलेली बाटली, सगळं. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज असं नको करू." तिनं कचऱ्याच्या डब्यातून तुपाची बरणी उचलली, पुसली आणि परत आत ठेवली. तेवढं बोलून ती अभ्यासाला बसली. तिची परीक्षा तोंडावर होती आणि आम्हा दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

त्याच दिवसांत बजबजच्या बाईचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. काय बोलणार होते? नवरा घरी आल्यावर, पोटातली नळी जरा सरावाची झाल्यावर, मी तिला फोन लावला. तिचा नवरा गेला होता. मानेत पुन्हा गाठ आली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. ती मला तेच सांगायला फोन करत होती.

मी सियालदाहून सकाळची लोकल धरून गेले. सुतकाचे दिवस संपले नव्हते. एका खोलीचं घर, मागं गिरणीची भिंत. ती पांढऱ्या साडीत भुईवर बसली होती, समोर विटांच्या चुलीवर मातीचं भांडं. त्या दिवसांत एकाच भांड्यात शिजवलेलं, मसाला नसलेलं खायचं असतं. उकडलेलं कच्चं केळं, तांदूळ, वर तूप. तिनं माझ्यासाठी शेजारच्या घरून चहा-बिस्किटं मागवली. मी म्हटलं, तू खातेस तेच दे.

"ते तुम्ही खायचं नसतं, दिदी."

सुतकाच्या घरी जेवू नये, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी पुन्हा म्हटलं, दे. तिनं पानावर दोन डाव वाढले. तूप भातात उतरत होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. त्या दिवसांतलं मला पोटभर गेलेलं जेवण ते एकच. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "शेवटच्या दिवशी मी भात गाळून ठेवला होता. तो तसाच राहिला." मग पुढचा घास घेतला.

निघताना तिनं कपाटावरून पिशवी काढली. त्यात न फोडलेल्या चार सिरिंजा होत्या. "तुम्हाला लागतील," म्हणाली. मी घेतल्या. परतीच्या गाडीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटत होतं की ही तिच्याकडून माझ्याकडे आलेली पाळी आहे. तसं बोलले नाही, पण सबंध प्रवासात दुसरा विचार आला नाही.

त्यानंतरचे पाच महिने सगळे सारखेच होते. गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. जीभ वर, जीभ बाजूला, कोरडा घोट. तो करायचा, कंटाळायचा, पाटी फेकायचा, पुन्हा करायचा. साडेआठला आम्ही तिघं बसायचो. मी आता त्याला सांगायला लागले होते, की नळीतून आज काय चाललंय. हे मुगाचं, यात भोपळा घातलाय, हे काल तू सांगितलेलं कढण.

मग एका रविवारी दुपारी त्या व्यायामवाल्या मुलीसमोर त्याला अर्धा चमचा घट्ट घोटलेलं वरण दिलं. हनुवटी छातीला टेकवून त्यानं ते गिळलं. आम्ही खोकल्याची वाट बघत राहिलो. आमच्या लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. खोकला आला नाही. त्यानं घशावर हात ठेवला, जरा वेळानं पाटी ओढली.

"चव नाही. ओला पुठ्ठा."

पाटी ठेवली आणि पुन्हा तोंड उघडलं. तसे चार अर्धे चमचे गेले.

बजबजला फोन करावा की नाही, यात माझे दोन दिवस गेले. जिचा माणूस गेला तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी केला. तिनं विचारलं, "काय खाल्लं?"

"डाळ. आमच्याकडची."

"भात नाही?"

"भात अजून नाही."

"चव लागली?"

"नाही लागली म्हणतो."

"आसबे," ती म्हणाली. येईल. आणि फोन ठेवायच्या आधी तिनं कुणाला तरी मोठ्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं, की दिदीच्या माणसानं तोंडानं खाल्लं.

याला आता वर्ष होत आलंय. पोटातली नळी अजून आहे. तोंडानं तो मऊ भात, वरण, घोटलेला दुधी असं थोडं थोडं खातो, एका वाटीला पाऊण तास लागतो. गोड कळतं, तिखट भाजतं, बाकी चवी येतात-जातात. ऑफिसला पुन्हा जायला लागलाय, पण तिथं कुणासमोर खात नाही. बोलणं आम्हा दोघींना कळतं, बाहेरच्यांना अर्धंच. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घरात कुणीच धड झोपत नाही. पुढचा स्कॅन मंगळवारी आहे. मुलीनं तिच्या कॉलेजातून त्या दिवशीची रजा काढून ठेवली आहे. मी नको म्हटलं होतं, पण तो म्हणाला, येऊ दे तिला.